चिनी दवाखान्यातला कोरा चहा

१

माणूस मरणाच्या दारात पोचला होता आणि खुशीत हसत होता, त्यामुळे सुरुवातीला कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

"डॉक्टर, आज लई मुंग्या यायल्या बघा!" कडुबा पाटील बाकावर उताणे पडून म्हणाले. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांत केसासारख्या बारीक सुया टोचलेल्या होत्या. "पार ओठापर्यंत आल्या. आज गुण येणार!"

डॉ. संघपाल हिवराळेसुद्धा हसला. सुई नेमक्या जागी लागली की मुंग्या येतात, हे त्यानंच सगळ्या पेशंटना पढवलं होतं. शेजारच्या बाकांवरचे दोघे म्हातारे तर कडुबांकडे चक्क हेव्यानं बघायला लागले. मग कडुबांची जीभ जड झाली. हात बाकावरून खाली लोंबकळला. संघपालनं नाडी धरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं, कारण नाडी मध्येच धावत होती आणि मध्येच अडखळत होती.

"बचनाग!" तो ओरडला. "हे बचनागाचं विष आहे! गाडी काढा!"

वेळेवर ओळखलं म्हणून कडुबा मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागापर्यंत जिवंत पोचले. पण ज्यानं ओळखलं त्याच्याच मानेभोवती फास आवळला. डॉक्टरांना तपासण्या करूनही लवकर उमगलं नसतं, ते ह्याला नुसती नाडी धरून कसं कळलं? अख्ख्या हर्सूलमध्ये बचनाग आहे कुणाकडं? ह्याच्याच कपाटात ना?

दुपार व्हायच्या आत दवाखान्याच्या पायऱ्यांवर औषधाच्या पुड्यांचा खच पडला. लोक येत होते, पुडी भिरकावत होते आणि निघून जात होते. त्या पुड्यांशेजारी संघपालची आई मनकर्णाबाई बसून होती. ती एकेक पुडी उचलून पदरात ठेवत होती.

सहायक पोलीस निरीक्षक संध्या खिल्लारे जीपमधून उतरली ती हे बघतच. गेलं वर्षभर तिच्या वाट्याला चोरलेल्या मोटारसायकली आणि हरवलेले मोबाईल सोडून काही आलं नव्हतं. हातात खरंखुरं कोडं आलं की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या, आणि आता त्या चांगल्याच तापल्या होत्या.

"उद्या संध्याकाळपर्यंत त्या चिनी डॉक्टरला आत टाका," मोठ्या साहेबांनी निघताना सांगितलं होतं. "उगाच फाटे फोडू नका."

मनकर्णाबाईनं मान वर केली. "मॅडम, धरायचं तर धरा त्याला. पण आधी एकदा नीट बघा," ती म्हणाली. "एवढंच मागते."

२

लोक 'चिनी दवाखाना' म्हणत असले तरी संघपाल इथलाच होता. आयुर्वेदाची पदवी त्यानं ह्याच शहरात घेतली. मग चीनमधल्या चेंगडूला जाऊन सुया टोचायची आणि जडीबुटीची विद्या शिकून आला. चिनी झगा घालून नाही, साध्या शर्ट-पँटमध्ये बसायचा. दवाखान्याची जागा कडुबा पाटलांची. हर्सूल तलावाच्या वाटेवरचा हा हॉल त्यांनी स्वतः त्याला दिला होता, कारण त्यानं त्यांना पुन्हा चालतं केलं होतं.

"तिकडं ह्या मुळाला फू-त्झ म्हणतात," संघपालनं कपाट उघडून दाखवलं. काळपट, गाजराच्या पिल्लांसारखी दिसणारी मुळं काचेच्या बरणीत होती. "आपला बचनाग त्याचा चुलतभाऊच. कच्चं मूळ म्हणजे जहर. शुद्ध केलं की सांध्यांना ह्याच्यासारखं औषध नाही. चीनमध्ये मिठाच्या पाण्यात मुरवून तासन्‌तास उकळतात, आपल्याकडं फडक्यात बांधून गाईच्या दुधात उकळतात. मी आपली पद्धत वापरतो."

"मग विष कुठं जातं?"

"दुधात उतरतं. दूध आटून वाटीभर, पिवळंजर्द उरतं. ते खड्ड्यात ओतायचं आणि वर फरशी ठेवायची, हा इथला नियम."

संध्यानं बरणीतली मुळं वजन करून घेतली. रतीभरही कमी नव्हती. किल्ली एकच, तीही संघपालच्या गळ्यात. सकाळचा काढा एकाच पातेल्यातून कडुबांना आणि शेजारच्या दोन्ही म्हाताऱ्यांना मिळाला होता. ते दोघे बाहेर ठणठणीत उभे राहून बातमी तिखटमीठ लावून सांगत होते.

"मग चहा?" संध्यानं विचारलं.

"आम्ही इथं फक्त कोरा चहा देतो, चिनी पद्धतीनं. किटली एकच. मीही त्यातलाच प्यायलो."

हवालदार बन्सी तिथंच उभा होता. त्यानं तोंड वाकडं केलं. "कोरा चहा? मयतीच्या घरी देतात तसला? मॅडम, त्यानंच मेला असंल म्हातारा अर्धा."

"बन्सी."

"नाय, म्हंजी आपलं बोललो."

संघपाल बिचारा ओशाळून हसला. "कडुबांनाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. पण कफासाठी मी त्यांना दूध बंद केलं. मग चार लोकांत त्यांनी शपथच घेतली, गुडघे बरे होईतो दुधाचा चहा हराम. शब्दाचे पक्के आहेत."

संध्या मागच्या अंगणात गेली. भिंतीकडेला खड्डा होता आणि त्याच्या शेजारी फरशी उभी करून ठेवलेली. खड्ड्यातली माती ओलसर होती, वर दुधाची साय वाळून तिला चिरा पडल्या होत्या, आणि एक गुबगुबीत पांढरी मांजर ती साय मन लावून चाटत होती. तिच्या पोटाशी पिल्लं धडपडत होती.

"आ... आक्छी!" बन्सीला मांजरं सोसत नसत. "हाकला तिला, मॅडम! आक्छी!"

मांजरीनं त्याच्याकडं तुच्छतेनं बघितलं आणि पुन्हा चाटायला लागली.

विष नाही, वाट नाही, आणि तरी माणूस विषानं पडला आहे. संध्याला मनातून उकळ्या फुटत होत्या, पण बाहेर बसलेल्या त्या माउलीची आठवण झाली आणि तिला स्वतःच्या त्या आनंदाची लाज वाटली.

३

दवाखान्यातलाच डॉ. अभय तौर काळजीच्या चेहऱ्यानं समोर बसला. औषधं वाटणं, पेशंटना नंबर देणं ही त्याची कामं. गोरा, नीटनेटका, बोलायला गोड.

"संघपाल आणि मी एकाच वर्गातले," तो म्हणाला. "मला तर विश्वासच बसत नाही. पण मॅडम, तो हल्ली फार दमतो. काढ्यात चूक होऊ शकते."

"एकाच पातेल्यातला काढा होता ना?"

"ढवळलं नाही तर गाळ खाली बसतो. कडुबांना शेवटी मिळाला असेल." त्यानं खांदे उडवले. "मी कोण सांगणार?"

तेवढ्यात दारातून एका म्हातारीनं डोकं आत घातलं. "ओ कंपाउंडर, माही पुडी परत घ्या बरं!"

अभयच्या जबड्याचा स्नायू एकदा हलला. "ठेवा तिथं, आजी," तो शांतपणे म्हणाला.

"तुम्हीही डॉक्टर आहात, नाही का?" संध्यानं विचारलं.

"होय. पण लोकांना काय, सुया टोचतो तो डॉक्टर आणि पुड्या देतो तो कंपाउंडर. कडुबा तर मला तशीच हाक मारायचे, सगळ्यांसमोर. म्हातारा माणूस, आपण मनावर घेत नाही."

"काल संध्याकाळी मुळं शुद्ध केली?"

"संघपालनं केली. मुळं काढून कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि विहारात व्याख्यानाला गेला. दूध ओतायचं काम मोलकरणीचं, पण गोजरबाई दुपारच्या गाडीनं सिल्लोडला गेली होती. मग मीच ओतलं. रबडीसारखं दाट झालं होतं हो! पातेल्याला चिकटलं होतं, घासता घासता नखं गेली माझी. डॉक्टर माणूस भांडी घासतोय, आईनं बघितलं असतं तर रडली असती."

"खड्ड्यात ओतलं?"

"मग कुठं? जाऊन बघा, माती अजून ओली असेल."

"बघितली. कडुबांनी सकाळी काय काय घेतलं इथं?"

"काढा आणि कोरा चहा. दुधाला ते शिवत नाहीत. शपथ आहे त्यांची."

सगळं जिथल्या तिथं बसत होतं. संध्याला हेच आवडलं नाही.

४

कडुबांचा मुलगा ऋतुराज गुलमंडीत कापडाचं दुकान चालवायचा. बाप मोठ्या हॉस्पिटलमध्ये असताना तो दुकानात कसा, ह्याचं उत्तर संध्यानं विचारायच्या आधीच त्यानं दिलं. "तिकडं आत सोडत नाहीत. बाहेर बसलो की डोकं फुटायची वेळ येते. म्हणून इथं येऊन ठाण मोजतो."

मोजत मात्र नव्हता. एकच ठाण उलगडत होता आणि गुंडाळत होता.

"हॉलवरून तुमचं वडिलांशी भांडण होतं म्हणे."

"व्हय, होतं. मला तिथं गोडाऊन करायचं होतं. दादांनी सांगितलं, तिथं संघपालचं हॉस्पिटल होणार. परवाच जेवताना बोलले, पाटी त्याच्या एकट्याच्या नावाची लागंल." त्यानं ठाण बाजूला सारलं. "मी चिडलो. ताट सोडून उठलो. पण मॅडम, विष? मीच रोज गाडीत घालून नेतो त्यांना. आज सकाळी आम्ही सगळ्यांनी एकाच तव्यावरची भाकरी खाल्ली."

"दवाखान्यात जायला कुरकुरतात का?"

"कुरकुरतात?" ऋतुराजला इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. "घरी बायकोनं कोरा चहा दिला की तोंड एवढंसं होतं. आणि दवाखान्यात जायचं म्हटलं की लेकरावानी उतावीळ! हॉर्न वाजवायच्या आधी गाडीत बसलेले असतात."

संध्या जीपमध्ये बसली. मग तिनं एकदम बन्सीच्या हातावर चापट मारली.

"बन्सी, सुया टोचून घ्यायला कोण उतावीळ होतं रे?"

"कोणीच नाय. मी तर इंजेक्शनला पळून जातो."

"मग म्हाताऱ्याला तिथं काय मिळत होतं, जे घरी मिळत नव्हतं?"

बन्सीनं डोकं खाजवलं. आणि संध्याच्या कानाच्या पाळ्यांना चटका बसल्यासारखं झालं. "गाडी फिरव," ती ओरडली. "गोजरबाईकडं!"

५

गोजरबाईचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि दारात बांधलेल्या दोन शेळ्या. पोलीस दिसताच तिनं हातातला चारा टाकला आणि मटकन खालीच बसली.

"म्याच मारलं पाटलाला," ती म्हणाली.

बन्सीचा हात आपोआप बेड्यांकडं गेला. संध्यानं त्याला डोळ्यांनी थांबवलं आणि स्वतः गोजरबाईशेजारी जमिनीवर बसली. "काय झालं ते सांगा, बाई. सावकाश."

"पाटील मागं लागले व्हते. गोजरे, कोरा चहा घशाखाली उतरत नाय, वाईच दूध ठेवत जा. डॉक्टरला कळलं तर लेकराला वाईट वाटंल, म्हणून गुपचूप. मी रोज सकाळी शेळीचं दूध न्यायची, कडीच्या डब्यात. सुयांच्या खोक्यांमागं फ्रीजमध्ये ठेवायची. किटलीतला चहा कपात वतायचा, वरून दूध. पाटील मागच्या दाराशी उभं राहून बशीत वतून भुरके मारायचे." तिनं पदरानं डोळे पुसले. "काल मला सिल्लोडला लेकीकडं जायचं व्हतं. सकाळच्या गाडीनं डायरेक दवाखान्यात येणार, म्हणून दूध कालच दुपारी ठेवून गेले. रातभर राहून नासलं असंल. तेच बाधलं त्यांना. म्याच मारलं."

"नासकं दूध प्यायलं की पोट बिघडतं, बाई. बचनाग होत नाही त्याचा." संध्या आणखी जवळ सरकली. "आज चहा पिताना ते काही बोलले?"

"बोलले ना. लई खूश व्हते. म्हणले, गोजरे, आज शेळीनं बासुंदी दिली का गं? लई दाट हाय!"

"आणि तुमच्या शेळीचं दूध..."

"शेळीचं कुठलं इतकं दाट?"

"डबा कुठं आहे?"

"धुवून ठेवला. रोज धुते तसा."

म्हणजे डब्यात विष होतं ह्याचा पुरावा पाण्याबरोबर वाहून गेला. राहिली एकट्या गोजरबाईची साक्ष, आणि ती तर स्वतःलाच खुनी म्हणत होती. मोठ्या साहेबांना हे सांगितलं तर ते आनंदानं दोघांनाही आत टाकतील, डॉक्टरला आणि मोलकरणीला. ह्याच विचारात रात्र गेली, आणि संध्या पुन्हा दवाखान्यावर पोचली तोवर दुसऱ्या दिवसाची दुपार कलली होती. ती मागच्या अंगणात येरझाऱ्या घालायला लागली. आटलेलं दूध खड्ड्यात गेलं, असं अभय सांगतो. खड्ड्यात दूध आहे, हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. मग डब्यात आलं ते दाट दूध कुठलं?

"खड्ड्यावर फरशी कोण ठेवतं?" तिनं दारात उभ्या गोजरबाईला विचारलं.

"मीच. दूध वतलं की लगेच. डॉक्टरनं बजावलंय, मुकं जनावर मरंल म्हणून. परवा मी नव्हते, तर उघडंच राहिलं वाटतं."

"आक्छी!"

भिंतीवर पांढरी मांजर ऐसपैस बसून एक पाय वर करून अंग चाटत होती. खाली तिची पिल्लं एकमेकांच्या शेपट्यांशी झोंबत होती. बन्सी नाकाला रुमाल लावून लांब पळाला.

संध्या जागच्या जागी थिजली. मग तिनं इतक्या जोरात टाळी वाजवली की पिल्लं चारी दिशांना पांगली.

"बन्सी!" ती ओरडली. "अरे, ही मांजर जिवंत आहे!"

"ते दिसायलंय मला," बन्सी रुमालाआडून कण्हला. "नाकाला कळायलंय."

६

संध्याकाळी तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. संघपाल, अभय, ऋतुराज, गोजरबाई. मनकर्णाबाई दाराशी उभी राहिली, पुड्यांनी भरलेला पदर अजून हातात धरून. संध्यानं फ्रीजमधल्या दुधाबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता, आणि गोजरबाईलाही तंबी दिली होती.

"कोडं सुटलंय," संध्या म्हणाली. "विष संघपालनं दिलं नाही. ते गोजरबाईच्या हातून गेलं."

हॉलमध्ये खळबळ उडाली. गोजरबाईनं हंबरडा फोडला. संघपाल ताडकन उभा राहिला. "अशक्य! बाईंनी कधी कपाटाला हात लावला नाही!"

"बस, संघपाल," अभयनं त्याचा खांदा दाबला. त्याच्या आवाजात माया ओथंबत होती. "मॅडम, बाईंना फार शिक्षा होऊ देऊ नका. अडाणी बाई आहे. मुद्दाम नाही केलं तिनं. फ्रीजमधल्या डब्यात कुठलं दूध आहे, हे तिला बिचारीला काय कळणार?"

गोजरबाई रडायची थांबली.

"कुठलं दूध, डॉक्टर?" संध्यानं हळूच विचारलं.

अभयनं तिच्याकडं बघितलं.

"मी दुधाचं नाव काढलं नाही. फ्रीजचं काढलं नाही. डब्याचं तर मुळीच नाही. तुम्हीच मला काल सांगितलं होतं, कडुबा दुधाला शिवत नाहीत. मग फ्रीजमधल्या डब्याचा आणि त्यांचा संबंध तुम्ही कसा जोडला?"

"मी... अंदाज केला. इथं फ्रीज आहे, डबा आहे..."

"डबा सुयांच्या खोक्यांमागं लपवलेला असायचा. पण सोडा. आपण परवाच्या संध्याकाळी जाऊ. संघपाल विहारात गेला, गोजरबाई सिल्लोडला. तुम्ही एकटे. चुलीवर वाटीभर पिवळं, आटलेलं, जहरी दूध. फ्रीजमध्ये तेवढंच शेळीचं. तुम्ही फक्त अदलाबदल केलीत."

"खोटं आहे!" अभय उसळला. "मी ते खड्ड्यात ओतलं! माती ओली होती, तुम्ही स्वतः बघितलीत!"

"ओली होती. दूध होतंच तिथं. पण कुठलं?" संध्या मागच्या दाराकडं गेली. "तुम्हीच सांगितलंत, तुम्ही ओतलं ते रबडीसारखं दाट होतं, भांडं घासून नखं गेली. म्हणजे संघपालनं आधीच बदललं असेल, हीही शंका उरली नाही. मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे ते दाट विष खड्ड्यात पडलं. खड्डा उघडा राहिला, कारण फरशी ठेवायचं काम आजवर तुम्ही कधी केलंच नव्हतं. काल दुपारी माझ्यासमोर एक बाळंतीण मांजर ती साय पोटभर चाटत होती."

तिनं दार उघडलं.

"आक्छी!" बन्सी कोपऱ्यात शिंकला.

पांढरी मांजर शेपूट ताठ करून आत आली, पाठोपाठ पिल्लं. सगळ्यांकडं एकदा बघून ती गोजरबाईच्या पायाशी अंग घासायला लागली.

"मुळातलं विष दुधात उतरतं, संघपाल. तुम्हीच म्हणालात. ह्या मांजरीनं ते चाटलं असतं तर आज हिची पिल्लं पोरकी झाली असती. हिनं चाटलं ते शेळीचं दूध. आणि हिच्या वाट्याचं मरण कडुबांच्या बशीत गेलं. खड्ड्यातली माती तपासायला गेली आहे, तीही हेच सांगेल."

संघपाल अभयकडं बघत राहिला. त्याला राग आला नव्हता, काही समजतच नव्हतं. "का रे?" तो एवढंच म्हणाला. "कडुबांनी तुझं काय केलं होतं?"

अभयचा गोडवा पार गळून पडला. "काय केलं? सगळ्यांसमोर, रोज, कंपाउंडर! ए कंपाउंडर, चप्पल कुठं गेली बघ. वर्गात पहिला मी यायचो, संघपाल! चेंगडूची निवड झाली तेव्हा माझंच नाव लागणार म्हणून घरी पेढे वाटले होते. आणि लागलं तुझं! गावात लोक विचारतात, तौरांचा पोरगा त्या हिवराळ्याच्या हाताखाली पुड्या बांधतो का? आणि आता हॉस्पिटल, तेही एकट्या तुझ्या पाटीचं!" त्याचा श्वास फुलला होता. "म्हाताऱ्याला चोरून दूध पिताना मी कितीदा पाहिलं होतं. तो मेला असता तर तुम्ही दोघंही संपला असतात."

"पाटीवर तुझं नाव घालायला मीच सांगितलं होतं कडुबांना," संघपाल म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. "ते म्हणाले होते, बघू. मी पुन्हा सांगणार होतो."

बन्सीनं बेड्या काढल्या. अभय मान खाली घालून चालायला लागला, आणि दाराशी मनकर्णाबाईनं त्याला वाट करून दिली. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती पदरातल्या पुड्या एकेक करून टेबलावर मांडत होती.

७

कडुबांना शुद्ध आली तेव्हा संध्या खाटेशेजारी होती. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, खोलीत नजर फिरवली आणि तिला खुणेनं जवळ बोलावलं. आता साक्ष मिळणार म्हणून ती कान लावून वाकली.

"मॅडम," ते कुजबुजले, "मी दुधाचा चहा पीत व्हतो, हे त्या पोराला सांगू नका. लई जीव लावलाय त्यानं."

दाराच्या काचेबाहेर संघपाल उभा होता. संध्याला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना, त्यामुळे साक्ष तशीच राहिली.

दवाखाना पुन्हा उघडला त्या सकाळी अख्खं हर्सूल रस्त्यावर जमलं होतं, पण पायरी कुणी चढत नव्हतं. अभय तुरुंगात आहे हे सगळ्यांना कळलं होतं. तरी ह्या दारातून विष बाहेर आलं, हेही कुणी विसरलं नव्हतं. संघपाल दारात उभा होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. मनकर्णाबाई आत गेली आणि भलंमोठं पातेलं भरून चहा घेऊन आली. दुधाचा, आलं घातलेला. तिनं कप भरले. लोकांनी ते हातात घेतले, एकमेकांकडं बघितलं आणि तसेच धरून उभे राहिले. कुणाच्या ओठाला कप लागेना. बन्सीनंसुद्धा आपला कप हळूच कठड्यावर ठेवला. संध्यानं त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं आणि स्वतःचा कप उचलणार, तेवढ्यात ऋतुराजची गाडी थांबली.

मुलाच्या खांद्याला धरून कडुबा पाटील पायऱ्या चढले. धाप लागली होती, पण कुणाला थांबवू दिलं नाही. वर येऊन त्यांनी संघपालपुढं हात केला.

"तुझ्या हातानं दे."

संघपालनं कप भरला. थोडा चहा बशीत सांडला. कडुबांनी उरलेलाही बशीत ओतला, सगळ्या गावाकडं एकवार बघितलं, आणि पार रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा भुरका मारला. मग आणखी एक. बशी रिकामी झाली. मिशीवरची साय त्यांनी उपरण्यानं पुसली.

"डॉक्टर," ते म्हणाले, "साखर जराशी कमी हाय."

कुणीतरी खळखळून हसलं. मग एकेक कप ओठांना लागला, आणि बाकांवर जागा धरायला म्हाताऱ्यांची एकच घाई उडाली.